मुक्काम किती, त्यावर हिशोब

२६ जून २०१८ रोजी ओमानच्या किनाऱ्यावरच्या कुरियात गावात दिवसरात्र मिळून पारा ४२.६ अंश सेल्सियसच्या खाली उतरलाच नाही. हे त्या दिवसाचं कमाल नव्हे, किमान तापमान. अशा रात्री घरातला एसी बंद पडला, तर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा याचा शांतपणे विचार करणारा माणूस विरळा. मेकॅनिक सांगेल ती रक्कम नाहीतर दुकानात दिसेल तो एसी, यांतलं जे आधी मिळेल ते घेऊन तो मोकळा होतो.

हा प्रश्न आपण एरवीही असाच घाईत सोडवतो. म्हणून या प्रकरणात तो सावकाश सोडवू, आणि त्यासाठी मस्कतमधलं एखादं मराठी घर डोळ्यांसमोर ठेवू. ऊन, खारी हवा, धूळ, वीजदर, भाड्याची जागा आणि व्हिसाची मुदत हे सगळे घटक तिथे ठळकपणे एकत्र येतात. पुण्या-नाशिकच्या घरातही यांतले बरेच असतात, पण इतके डोळ्यांत भरत नाहीत.

आधी उन्हाची बाजू

एसीवर लिहिलेली क्षमता ठरावीक तापमानात मोजलेली असते. आंतरराष्ट्रीय मानकातल्या टी-१ या वर्गात बाहेरचं तापमान ३५ अंश धरतात आणि टी-३ या वर्गात ४६ अंश. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. पण बाहेर जितकं जास्त तापतं, तितकी ती ताकद कमी होते आणि वीज मात्र जास्त लागते. टी-१ प्रमाणे दीड टनाचा असलेला एसी जुलैच्या दुपारी मस्कतच्या रुवी भागातल्या गच्चीवर दीड टनाचं काम करत नाही. त्यात बिघाड नसतो, तो त्या उन्हासाठी बनलेलाच नसतो. तेव्हा ‘थंडच करत नाही’ अशी तक्रार असेल, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी यंत्राच्या पाटीवर टी-३ आहे का ते पाहावं.

फ्रिजचंही तसंच. ‘एन’ वर्गाचा फ्रिज ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतो, ‘एसटी’ ३८ पर्यंत आणि ‘टी’ ४३ पर्यंत. ही अक्षरं फ्रिजच्या आत, भाजीच्या कप्प्याजवळच्या पाटीवर सापडतात. स्वयंपाकघरात एसी नसेल आणि फ्रिज ‘एन’ वर्गाचा असेल, तर त्याचा कॉम्प्रेसर उन्हाळाभर क्वचितच थांबतो आणि अकाली थकतो.

उष्णतेचा दुसरा घाव इलेक्ट्रॉनिक भागांवर पडतो. सर्किट बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल अभियंत्यांचा एक ढोबळ ठोकताळा आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. इन्व्हर्टर एसीचा नियंत्रक बोर्ड बाहेरच्या युनिटमध्ये, म्हणजे थेट भट्टीतच बसवलेला असतो. त्याच युनिटच्या पंख्यांवर धुळीचा थर बसतो, आणि मत्रह, कुरम, सीब अशा किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत खारी हवा कॉइलचे पातळ पत्रे खाते. याचा अर्थ असा की ओमानमध्ये पाच वर्षं चाललेलं यंत्र कॅलेंडरवर पाच वर्षांचं असलं, तरी कामाच्या तासांनी बरंच म्हातारं असतं. ‘अजून जुनं कुठे झालंय?’ हा घरातला नेहमीचा युक्तिवाद इथे लंगडा पडतो.

एका यंत्राला मात्र उन्हाळ्यात सुट्टी मिळते, ते म्हणजे गीझर. गच्चीवरची टाकी इतकी तापते की थंड पाण्याच्या नळालाच कढत पाणी येतं. मग आखातातली घरं गीझर बंद करून टाकतात आणि त्याच्या टाकीत, घराच्या सावलीत निवलेलं पाणी गरम पाण्याच्या नळातून अंघोळीला घेतात. गीझर सहा महिने तापवायला आणि सहा महिने निववायला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो पुन्हा चालू केला की पाणी तापवणारा घटक जळाल्याचं कळतं. घटक आणि थर्मोस्टॅट बदलता येतात. टाकीच गळू लागली, तर मात्र विचार न करता नवा घ्यावा.

स्वस्त बिघाड, महाग बिघाड

यंत्र बंद पडलं की ‘गेलं’ असं आपण म्हणतो. रुवी-वादी कबीरच्या बाजूला मेकॅनिक ‘खल्लास’ म्हणतो. पण एकाच लक्षणामागे तीन रियालचा (एक ओमानी रियाल साधारण सव्वादोनशे रुपयांचा) बिघाड असू शकतो आणि साठ रियालचाही. म्हणून निर्णयाआधी नेमकं निदान हवं.

एसीचा बाहेरचा युनिट गुणगुणतो पण कॉम्प्रेसर सुरू होत नाही, यामागे अनेकदा कॉम्प्रेसरचा कपॅसिटर असतो. हा सगळ्यांत स्वस्त भागांपैकी एक. मात्र त्याला स्वतः हात लावू नका. वीज बंद केल्यावरही त्यात भार राहतो. आतल्या युनिटमधून पाणी टपकत असेल, तर पाणी जाण्याची नळी धूळ-शेवाळाने तुंबलेली असण्याची शक्यता जास्त. थंडावा हळूहळू कमी होत गेला असेल, तर आधी जाळी आणि बाहेरची कॉइल धुऊन पाहावी.

‘गॅस संपलाय, भरावा लागेल,’ हे वाक्य मात्र नीट ऐकावं. एसीतला वायू बंद नळ्यांत फिरतो. वापराने तो संपत नाही. कमी झाला असेल, तर तो कुठून तरी गळला आहे. गळती शोधून, बुजवून, मग गॅस भरणं ही दुरुस्ती झाली. नुसता भरून देणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याच्या बिलाचा पाया घालणं. यात पर्यावरणाचाही हिशोब आहे. आर-४१०ए हा वायू एक किलो हवेत सुटला, तर तापमानवाढीवरचा त्याचा परिणाम सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका असतो. जुन्या एसीतला आर-२२ ओझोनचा थरही झिजवतो. १९८७ च्या माँट्रिअल करारानुसार तो जगभर हद्दपार होत आहे. त्यामुळे आर-२२ वर चालणाऱ्या एसीची गळती मोठी असेल, तर त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

फ्रिजमध्ये वरचा बर्फाचा कप्पा गार आणि खालचा कोमट, मागच्या भिंतीत बर्फाचा थर, असं असेल तर बहुधा बर्फ वितळवणारी यंत्रणा बिघडलेली असते. हीटर, सेन्सर किंवा टायमर बदलून काम भागतं. दार नीट लागत नसेल, तर दारात नोट अडकवून ओढून पाहा. ती सहज निसटली, तर दाराचं रबर बदलायची वेळ आली. कॉम्प्रेसरच बसला असेल किंवा भिंतीच्या आत पुरलेली नळी गळत असेल, तर तो महागातला बिघाड. अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतं. ते स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीतलं, पेट घेणारं. असा फ्रिज उघड्या ज्वाळेने जोडकाम करणाऱ्याच्या हाती देऊ नये.

वॉशिंग मशीनमध्ये पाणी उपसणारा पंप, दाराचं रबर, पट्टा हे किरकोळ. ड्रमचं बेअरिंग गेलं की पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज येतो. त्यातही काही कंपन्या ड्रमचं कवच स्क्रूऐवजी कायमचं चिकटवून टाकतात. मग पंधरा रियालच्या बेअरिंगसाठी अख्खा ड्रम बदलावा लागतो. घेतानाच हे विचारलं, तर पुढचा निर्णय अर्धा झालेला असतो.

अर्ध्या किमतीचा नियम कुठे चुकतो

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त असेल, तर नवं घ्या, हा नियम जगभर सांगितला जातो. लक्षात ठेवायला सोपा असल्यामुळेच तो टिकला. पण दुरुस्तीनंतर यंत्र किती चालेल आणि आपल्याला ते किती दिवस हवं आहे, हे दोन्ही प्रश्न तो विचारत नाही. ओमानमध्ये राहणाऱ्याच्या दृष्टीने खरे प्रश्न तेच.

त्याऐवजी वर्षाचा भाव काढावा. समजा, आठ वर्षं जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला. बदलायला ५५ रियाल, आणि त्यानंतर तो तीन वर्षं चालेल असा अंदाज. तसाच नवा फ्रिज १४० रियालला. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपले आकडे घालून हिशोब करावा.

पहिलं कुटुंब आणखी दहा वर्षं मस्कतमध्येच राहणार आहे. नवा घेतला, तर वर्षाला १४ रियाल पडतात. दुरुस्तीत वर्षाला १८ रियालच्या वर जातात, आणि तीन वर्षांनी नवा घ्यावा लागतोच. त्यांनी नवा घ्यावा.

दुसरं कुटुंब दोन वर्षांनी परत जाणार आहे. नवा घेऊन जाताना ५० रियालला विकला, तर दोन वर्षांचे ९० रियाल, म्हणजे वर्षाला ४५. दुरुस्तीचा भाव साडेसत्तावीस. त्यांनी दुरुस्त करावा. बिघाड तोच, फ्रिज तोच, आणि उत्तर उलटं.

पण त्यांना तिसराही रस्ता आहे. ओमानमधून दरवर्षी कितीतरी भारतीय कुटुंबं परततात. निघण्याच्या आधीच्या आठवड्यांत त्यांचा फ्रिज, सोफा, वॉशिंग मशीन सगळं विक्रीला निघतं. इमारतीच्या लिफ्टमध्ये चिठ्ठ्या लागतात, ओळखीच्या ग्रुपवर फोटो फिरतात. असा चार-पाच वर्षांचा फ्रिज ५० रियालला घेतला आणि दोन वर्षांनी २५ ला विकला, तर वर्षाला साडेबारा रियाल. दुरुस्ती आणि नवं या दोघांनाही तो हरवतो. मुक्काम छोटा असेल, तर यंत्रही उरलेल्या आयुष्याचं घ्यावं. मात्र बिल मागून घ्यावं, यंत्र अर्धा तास चालवून पाहावं, आणि विकणाऱ्याची निघण्याची तारीख जवळ असेल तर भाव करायला लाजू नये.

विजेचा काटा

फ्रिजपेक्षा एसीचा हिशोब वेगळा, कारण तिथे यंत्राच्या किमतीपेक्षा वीज वरचढ ठरू शकते. ओमानमध्ये अनेक वर्षं घरगुती वापराच्या पहिल्या ३,००० युनिटना १० बैसा प्रति युनिट दर होता. हजार बैसांचा एक रियाल, आणि एक रियाल साधारण सव्वादोनशे रुपयांचा. म्हणजे युनिट सव्वादोन रुपयांना. जानेवारी २०२१ पासून सरकारने वीज-पाण्याचं अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी १६ एप्रिलपासून ५ टक्के मूल्यवर्धित करही आला.

एक हिशोब करू. जुना एसी नव्या इन्व्हर्टर एसीपेक्षा तासाला सरासरी ०.६ युनिट जास्त खातो असं धरू. दिवसाला १० तास, वर्षात २४० दिवस, म्हणजे २,४०० तास आणि १,४४० युनिटचा फरक. युनिटला १० बैसा दराने हे वर्षाला १४.४ रियाल होतात, १५ ने २१.६ आणि २० ने २८.८. नवा एसी १५० रियालचा असेल, तर पहिल्या दराने तो स्वतःची किंमत भरून काढायला दहा वर्षांहून जास्त घेईल, आणि तिसऱ्या दराने पाच वर्षांच्या थोडं पुढे. समोर ५० रियालची दुरुस्ती उभी असेल, तर तिची रक्कम वजा करायची. मग भरून काढायचे फक्त १०० उरतात, आणि १५ बैसांच्या दरानेही पाच वर्षांच्या आत हिशोब मिटतो.

हाच जुना एसी पुण्यात ठेवून पाहा. तिथे युनिटला १० रुपये धरले, तरी एसी चालतो तीन महिने, दिवसाला सहा तास. म्हणजे ५४० तास, ३२४ युनिट आणि ३,२४० रुपये. मस्कतमध्ये १५ बैसांच्या दराने होणारा फरक ४,८०० रुपयांच्या घरात. वीज कितीतरी स्वस्त असूनही मस्कतचा जुना एसी जास्त महाग पडतो, कारण त्याला विश्रांती नाही. म्हणून एसीवरची वीजबचतीच्या ताऱ्यांची चिठ्ठी बघण्याआधी तास मोजावेत. झोपायच्या खोलीतला एसी आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला जुना एसी आणखी पाच वर्षं ठोकून-ठाकून चालवला, तरी नुकसान नाही.

घर दुसऱ्याचं, बिल आपलं

मस्कतमधली बहुतेक भारतीय कुटुंबं भाड्याने राहतात, आणि एसी पुष्कळदा घराबरोबरच येतो. इथे एक जुनी आर्थिक गाठ आहे. यंत्राचा खर्च घरमालकाचा आणि विजेचा भाडेकरूचा. जुना, वीज खाणारा एसी पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्यात मालकाचा फायदा, आणि दर महिन्याला त्याची किंमत भरणारा भाडेकरू. दोघांपैकी कुणीच चूक करत नाही, पण घर म्हणून निर्णय चुकतो.

यावर उपाय भांडणात नाही, आकड्यांत आहे. दोन उन्हाळ्यांची वीजबिलं आणि दुरुस्तीच्या पावत्या एकत्र ठेवाव्यात. तीन वर्षांत तीनदा गॅस भरला असेल, तर तो खर्च मालकाच्याच खिशातून गेला आहे, हे त्याला कागदावर दिसतं. कराराच्या नूतनीकरणाची वेळ ही बोलणी करण्याची सगळ्यांत चांगली वेळ. मोठी दुरुस्ती कोणाची, किरकोळ कोणाची, सर्व्हिसिंग कोण करणार, हे करारात लिहून घ्यावं. तोंडी ठरलेलं उन्हाळ्यात कुणालाच आठवत नाही.

पूर आला तर

६ जून २००७ च्या सुमाराला गोनू चक्रीवादळाने मस्कतच्या वाद्या, म्हणजे एरवी कोरडे असणारे ओढे, भरून वाहिल्या. ३ ऑक्टोबर २०२१ ला शाहीन वादळ बातिना किनाऱ्यावर धडकलं आणि सुवैक, खाबूरा भागात घरात गाळ शिरला. कोकणातल्या चिपळूणच्या घरांनी २०२१ च्याच जुलैत हेच पाहिलं. अशा वेळी ‘चालू होतंय का बघू’ म्हणून बटण दाबण्याचा मोह जीवघेणा ठरू शकतो.

पुरात बुडालेल्या यंत्राला वर्षाचा भाव लावायचा नसतो. मोटर धुऊन, वाळवून, मेगर या उपकरणाने तिचं विद्युतरोधन तपासून वाचवता येते. पंखा, साधी मिक्सरची मोटर यातून सुटतात. सर्किट बोर्डवर खारा गाळ बसला की तो वाळल्यावरही आतून गंजत राहतो. फ्रिजच्या भिंतीतल्या फोममध्ये सांडपाणी शिरलं असेल, तर यंत्र चालू होऊनही त्यात अन्न ठेवणं धोक्याचं. मुंग्या आल्यासारखा शॉक, जळका वास, काळवंडलेला प्लग, इथेही हिशोब बंद करून आधी वीज बंद करावी.

सुट्या भागांचं राजकारण

दुरुस्ती करणारा हात असूनही भाग मिळत नसेल, तर यंत्र मेलंच. भारतीय स्वयंपाकघरातली एक क्रांती याच अडचणीतून झाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर जळाला आणि भारतात तो दुरुस्त करून मिळेना. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये अभियंते होते. त्यांनी डाळ-तांदूळ आणि ओलं खोबरं वाटू शकेल अशी मोटर बसवून १९६३ मध्ये ‘सुमीत’ तयार केला. पुढे तो परदेशी निघालेल्या मराठी सामानातही हमखास असायचा.

मिक्सरच्या तळाशी असलेलं रबरी किंवा प्लॅस्टिकचं कपलर लक्षात ठेवा. भांडं अडकलं की तेच तुटतं, आणि मोटर वाचते. मुद्दाम दुबळा ठेवलेला हा भाग तुटला म्हणून मिक्सर फेकणारे लोक आहेत. जास्त भार आल्यावर वीज तोडणारं खालचं लाल बटण उडालं म्हणून फेकणारेही आहेत. भारतातून मिक्सर नेताना दोन-चार कपलर बरोबर घ्यावेत. ओमानचा २४० व्होल्टचा पुरवठा आपल्या मिक्सरला चालतो. प्लग मात्र तिथे तीन चौकोनी पिनांचा लागतो. लटपटत्या जोडप्लगपेक्षा योग्य फ्यूजचा नवा प्लग बसवून घेणं शहाणपणाचं.

सुट्या भागांची जबाबदारी आता कायदे कंपन्यांवर टाकू लागले आहेत. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून फ्रिजचे भाग किमान सात वर्षं आणि वॉशिंग मशीनचे दहा वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात. दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश तिथे २०२४ मध्ये मंजूर झाला. भारतात ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केलं. ओमानमध्ये २०१४ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्यानुसार सदोष वस्तू १५ दिवसांत बदलून घेता येते किंवा परत करून पैसे मागता येतात, अट एवढीच की खरेदीचा पुरावा हवा. तेव्हा फिकट होत जाणाऱ्या कागदी पावतीचा त्याच दिवशी फोटो काढून ठेवावा.

आणखी एक व्यावहारिक नियम. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला ओमानमध्ये बंदी आहे. त्या वेळी गच्चीवर चढायला मेकॅनिकला सांगू नये; त्याचाही जीव आहे. कॉइलची धुलाई, गळतीची तपासणी, कपॅसिटर बदलणं ही सगळी कामं फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावीत. त्याच वेळी प्रत्येक यंत्रासाठी दुरुस्तीची कमाल रक्कम ठरवून लिहून ठेवावी: या एसीवर ३० रियाल, या फ्रिजवर २०. त्यापुढचा आकडा कुणी सांगितला, तर चर्चा नको.

मुक्कामाचा अंदाज

आता या सगळ्या हिशोबातली सगळ्यांत कच्ची बाजू. यंत्र किती चालेल हे मेकॅनिक सांगू शकतो. वीजदर छापील असतो. पण आपण किती राहणार, हे कुणालाच नीट ठाऊक नसतं. आखातातल्या घरांत ‘दोन वर्षं काढू आणि जाऊ’ हे वाक्य वीस-वीस वर्षं बोललं जातं. मुलं शाळेत जातात, दहावी होते, बारावी होते, आणि दरम्यान ‘आता जायचंच आहे’ म्हणून कधीचाच जुना एसी बदललेला नसतो. तात्पुरत्या समजलेल्या घराने दोन दशकं जादा बिल भरलेलं असतं. उलट टोकाला, नोकरी अचानक सुटते आणि महिन्यापूर्वी घेतलेलं नवं वॉशिंग मशीन मिळेल त्या भावाला द्यावं लागतं.

दोन्ही टोकांपासून वाचण्याचा उपाय साधा आहे. मुक्काम एकदाच ठरवून मोकळं होऊ नये. व्हिसा रिन्यू होईल त्या आठवड्यात घरातल्या मोठ्या यंत्रांची यादी काढावी. वय, मागच्या दुरुस्त्या, रोजचे तास आणि आपल्या मुक्कामाचा आजचा अंदाज त्यात लिहावा, आणि वर्षाचा भाव नव्याने काढावा. मुलाची शाळा बदलणार असेल, नोकरीचा करार लांबला असेल किंवा गावाकडे आई-वडिलांना जवळ कुणी हवं असेल, तर तो आकडा बदललेला दिसेल. दुरुस्त करायचं की बदलायचं हे मग मेकॅनिकला विचारावं लागत नाही. त्याला फक्त बिघाड विचारायचा.